मधल्या वेळची वाटी : मधुमेहींचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरे

मागच्या अंकात मधुमेहींच्या जेवणाच्या ताटाविषयी लिहिले, तेव्हा पत्रे ताटाविषयीच येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांचा रोख सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता डब्याकडे जाणाऱ्या हाताकडे निघाला. ताटात काय वाढायचे हे घरात ठरलेले असते आणि त्यावर कोणाचे तरी लक्षही असते. मधल्या वेळचे खाणे मात्र उभ्याउभ्या, बोलता बोलता होते आणि दिवसाच्या हिशेबात धरलेच जात नाही. म्हणून यावेळी फक्त त्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय ६२ असून सहा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची एकेक गोळी घेतो, दुसरे औषध नाही. मधुमेहींनी दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे ऐकल्यामुळे अकरा वाजता आणि चार वाजता बिनसाखरेच्या चहाबरोबर चार-चार मारी बिस्किटे खातो, कधी त्याऐवजी वाटीभर भडंग. गोड पदार्थ पूर्ण बंद आहेत, तरीही एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.९ आले. मारी तर चालते ना? मग चुकते कुठे?
— एक निवृत्त कर्मचारी, मिरज

उत्तर : आपण गोड सोडले, चहातली साखर सोडली, आणि तरीही आकडा हलत नाही याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या प्रयत्नांत खोट नाही. आपल्याला मिळालेली माहिती मात्र आपल्या औषधाला लागू पडणारी नाही, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी.

दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला मुख्यतः अशा रुग्णांसाठी होता, ज्यांची साखर औषधामुळे दोन जेवणांच्या मध्ये एकदम खाली जाऊ शकते, म्हणजे विशिष्ट प्रकारचे इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारे. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी घसरत नाही. त्यामुळे आपल्याला भूक नसेल तर अकरा वाजता काहीही खाण्याची गरज नाही, नुसता चहा किंवा ताक पुरेल. मधल्या वेळी काय खावे हा दुसरा प्रश्न झाला. मी कोणते औषध घेतो आणि मला खरोखर भूक लागली आहे का, हा पहिला, आणि तो फारच थोडे लोक विचारतात.

आता मारीकडे वळू. मारी फारशी गोड लागत नाही, म्हणून ती आजाऱ्याची, पथ्याची मानली गेली. तापातून उठलेल्या माणसालाही आपण तीच देत आलो. पण ती मुख्यतः मैदा, साखर आणि तेल यांचीच असते. शंभर ग्रॅम मारीत सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. चार बिस्किटे म्हणजे साधारण २२ ते २४ ग्रॅम वजन, म्हणजे १७-१८ ग्रॅम कर्बोदके. दिवसाकाठी आठ बिस्किटांचा हिशेब केला तर जवळजवळ एका भाकरीइतके पिष्ट पोटात जाते, तेही मैद्याचे, आणि ज्वारीच्या भाकरीसोबत येणारा चोथा त्यात नगण्य असतो. शिवाय भूकही भागत नाही.

भडंगाविषयी लिहिण्यापूर्वी मी स्वयंपाकघरातली आमटीची वाटी घेऊन वजनकाट्यापुढे बसले, कारण अशा वेळी अंदाजाने लिहिणे मला पटत नाही. त्या वाटीत साधे चुरमुरे शिगोशीग भरले, तर वजन १४ ग्रॅमच्या आसपास आले. त्याच वाटीत फुटाणे ८० ग्रॅम बसले आणि शेंगदाणे ९० ग्रॅम. वाटी तीच, पण चुरमुऱ्यांच्या वाटीत सुमारे ११ ग्रॅम कर्बोदके, फुटाण्यांच्या वाटीत चाळीसहून अधिक, आणि शेंगदाण्यांच्या वाटीत कर्बोदके कमी असली तरी ५०० च्या घरात कॅलरी. चुरमुरे वाईट, फुटाणे चांगले, असे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही ते यामुळेच. चुरमुऱ्यांचे पिष्ट पटकन पचते आणि साखर झरझर वाढवते. फुटाण्यांचे सावकाश पचते, आणि सोबत प्रथिने व चोथा येतो. पण फुटाणे ‘चालतात’ म्हणून वाटीभर खाल्ले, तर तो फायदा तिथेच संपतो.

आपल्यासाठी माझा सल्ला असा आहे. अकरा वाजताची बिस्किटे बंद करावीत. चार वाजता भूक लागली, तर सालासकट फुटाण्यांची एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅमच्या आत, एका बशीत काढून घ्यावी आणि डबा फडताळात परत ठेवूनच खायला बसावे. त्या मुठीतून कर्बोदके चार मारींइतकीच मिळतात, पण सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि चांगला चोथा मिळाल्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत पोट शांत राहते. कंटाळा आला तर एखाद्या दिवशी मोड आलेल्या मटकीची अर्धी वाटी उसळ, वर कांदा आणि लिंबू, किंवा एक उकडलेले अंडे. भडंगाची आवड मोडण्याचे कारण नाही. मात्र अर्धी वाटी भडंग घेऊन त्यात चिरलेली काकडी, कांदा, टोमॅटो आणि चमचाभर भाजलेले शेंगदाणे घालावेत. विकतच्या भडंगात मीठ आणि तेल सढळ असते. आपल्याला रक्तदाब असेल, तर ते घरीच परतणे बरे.

आणि एक गोष्ट अवश्य करावी. घरी ग्लुकोमीटर असेल, तर एका दिवशी चार वाजता मारी खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी साखर मोजावी, दुसऱ्या दिवशी तसेच फुटाण्यांचे करावे. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या खाली असावा आणि खाण्याआधीच्या आकड्यापेक्षा फार तर ४०-५० ने वाढलेला असावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगते. हा प्रयोग केलेल्या कित्येकांनी आपणहून बिस्किटे सोडली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांना ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी औषधे चालू आहेत. महिन्याच्या दोन्ही एकादशा, चतुर्थी आणि नवरात्र त्या निष्ठेने करतात. उपवासाला दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी चहा आणि बटाट्याचा चिवडा असतो, रात्री काही खात नाहीत. गेल्या एकादशीला रात्री दहा वाजता त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. साखर ५८ होती. आम्ही घाईने पेढा दिला, पण बरे वाटायला खूप वेळ लागला. उपवास सोडा म्हटले तर त्यांना फार लागते. काय करावे?
— एक सून, नाशिक

उत्तर : आपले पत्र मी सर्वांत आधी उत्तरासाठी काढले होते. छापताना ते दुसरे आले असले, तरी यातला काही भाग आपण आजच घरात सर्वांना वाचून दाखवावा.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, तर ती त्वरित वाढवावी लागते. त्यासाठी १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन भरलेले लहान चमचे, अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्यात विरघळवून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा अजून ७० च्या आतच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि आकडा वर आला की मग थोडे काही खायला द्यावे. पेढ्यात साखर असते, पण सोबत खव्याची स्निग्धता असते आणि तिच्यामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. व्होग्लिबोज ही गोळी साध्या साखरेचे आतड्यातील विघटनच लांबवते, म्हणून ती घेणाऱ्यांना अशा वेळी साखर, गूळ किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही. त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते. ग्लुकोज पावडरचा डबा देवघराजवळ, त्यांच्या हाताला लागेल असा ठेवा. माणूस गुंगीत असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडमुळे घसरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यामुळे बरे वाटल्यावरही त्या रात्री दोनदा मोजणे आणि डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे.

त्या दिवशी घडले असे की दुपारी खिचडीने साखर बरीच चढली असणार, रात्री पोट रिकामे राहिले, आणि गोळीचे काम मात्र चालूच होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि प्रथिने नावालाही नसतात. एका माणसाच्या भरल्या बशीत ६० ते ७० ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज जातो, म्हणजे दोन भाकऱ्यांएवढे पिष्ट, वर बटाटा वेगळाच. उपवास म्हणजे हलके खाणे असे आपण म्हणतो. मधुमेही माणसासाठी मात्र बऱ्याच घरांत तो वर्षातला सर्वांत जड दिवस असतो.

उपवास सोडा असे मी सांगणार नाही. साठ वर्षे केलेल्या व्रताचा आधार काय असतो हे मी माझ्या आईकडे पाहून जाणते. पण उपवासाचे खाणे बदलता येते आणि तेही उपवासाच्या नियमांत राहून. दुपारी एक लहान वाटी शिजलेली भगर, तिच्यावर दाण्याच्या कुटाची आमटी आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर घ्यावी. भगरीतही पिष्ट असते, म्हणून वाटी लहानच हवी. पण आमटी आणि दही सोबत असल्याने ते सावकाश पचते. चार वाजता बटाट्याच्या चिवड्याऐवजी ताक आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची अर्धी मूठ, किंवा दुधात भिजवलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या, साखर न घालता. आणि रात्री काहीतरी खाल्लेच पाहिजे, मग तो पेलाभर दुधासोबत लहान उकडलेल्या रताळ्याचा तुकडा असो किंवा राजगिऱ्याच्या पिठाचे एक छोटे थालीपीठ आणि दही. रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइड ही त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याची जोडी आहे.

पुढची एकादशी येण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाऊन फक्त एवढे विचारा की उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कमी करायची किंवा टाळायची. हा बदल आपल्या मनाने करू नये. ५८ चा आकडा, वेळ आणि त्या दिवशी काय खाल्ले होते, हे कागदावर लिहून न्या. ७१ व्या वर्षी अशी घसरण झाली असेल, तर डॉक्टर कदाचित गोळीच बदलतील. सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तोही या वेळी आवर्जून सांगा, कारण त्या त्रासात औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते, आणि रताळे, शहाळ्याचे पाणी यांसारखे पदार्थही डॉक्टरांना विचारूनच द्यावे लागतात.

प्रश्न : वय ३४, संगणक क्षेत्रात नोकरी. मागच्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. ऑफिसच्या टेबलाच्या खणात ‘शुगर-फ्री’ कुकीज, नाचणीची बिस्किटे आणि ‘डाएट चिवडा’ ठेवतो. पाकिटावर मधुमेहींसाठी योग्य असे छापलेले असले तर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाकिटाच्या पुढच्या बाजूवर नाही. पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे जो घटक सर्वांत जास्त तो आधी. नाचणीच्या कित्येक बिस्किटांत पहिले नाव परिष्कृत गव्हाच्या पिठाचे, म्हणजे मैद्याचे असते, मग साखर, मग पाम तेल, आणि नाचणी त्यानंतर. ‘शुगर-फ्री’ याचा नियमातील अर्थ इतकाच की शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मैद्याचे पिष्ट त्यात मोजले जात नाही, आणि पोटात गेल्यावर त्याचेही ग्लुकोजच होते. म्हणून ‘साखर’ ही ओळ न पाहता ‘एकूण कार्बोहायड्रेट’ ही ओळ पाहावी. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव दिसले, तर ते साखरेसारखेच धरावे. माल्टिटॉल हा गोडवा देणारा घटक साखर वाढवतो, फक्त थोडी कमी, आणि चार-पाच कुकीज झाल्या की पोटात वायू धरतो.

नाचणीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिच्याबद्दल लोकांच्या मनात फार विश्वास आहे. नाचणी हे उत्तम धान्य आहे, तिच्याइतके कॅल्शियम इतर धान्यांत सापडत नाही. पण तिचे पीठ अगदी बारीक असते, आणि त्याचे सत्त्व किंवा पातळ आंबील करून प्यायले तर ते फारसे चावावे न लागता झटपट पचते. नाचणीची भाकरी आणि नाचणीचे सत्त्व यांचा साखरेवर होणारा परिणाम सारखा नसतो. ‘डाएट चिवडा’ बहुधा कॉर्नफ्लेक्सचा किंवा पोह्यांचा असतो, म्हणजे तेही पिष्टच.

खणात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा सात-आठ बदाम यांच्या लहान पुड्या करून ठेवा. मोठा डबा ठेवू नका, संगणकासमोर बसल्यावर हात मोजत नाही. चहा-कॉफीत कृत्रिम गोडवा घालणे आपल्यासाठी साखर घालण्यापेक्षा बरे, पण त्याची मात्रा हळूहळू कमी करत नेली तर चार-सहा आठवड्यांत जीभ सरावते.

प्रश्न : सकाळी ७.४० ची लोकल आणि घरी परत यायला रात्रीचे आठ. संध्याकाळी स्टेशनवर भूक अनावर होते आणि वडापाव खाल्ला जातो. घरी आल्यावर स्वयंपाक करता करता शेव-चिवडा तोंडात टाकणे चालूच असते. फक्त गोळ्या आहेत, साखर कमी होण्याचा त्रास कधी झाला नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली खरी गरज संध्याकाळी सहाच्या आधी, ऑफिसातच काहीतरी पोटात जाण्याची आहे. भूक अनावर झाल्यावर फलाटावर उभे राहून कोणीही शहाणपणाने निवड करू शकत नाही. डब्याच्या पिशवीत एक छोटा वेगळा डबा ठेवा. त्यात दोन उकडलेली अंडी, किंवा फुटाण्यांची मूठ आणि एक पेरू, किंवा पनीरचे चार तुकडे आणि काकडी असू द्या. उसळ नेत असाल, तर ती सुकी परतलेली हवी, रस्सा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. साडेपाचला हे खाल्ले की वडापावचा वास तोच राहतो, पण तो हाक मारत नाही.

वडापावात मैद्याचा पाव आणि बटाटा, म्हणजे पिष्टात पिष्ट, वर तेल. महिन्यातून एखाद्या वेळी खायचाच असेल तर एकच, आणि त्या रात्री भात-पोळी निम्मी. बाहेर घ्यायचेच झाले तर भेळवाल्याला गोड चटणी नको, शेव कमी आणि कांदा, टोमॅटो, कैरी जास्त असे सांगावे. ते तसे करून देतात. गाडीत विकायला येणाऱ्या चिक्कीला शेंगदाणे म्हणून पाहू नये.

स्वयंपाक करताना समोर गाजर, काकडी, मुळा चिरून ठेवा. हात तिथे जाणारच आहे, तर तिथे हे असू द्यावे.

प्रश्न : आम्ही शेतकरी. घरचा गूळ, घरचा ऊस, बांधावर पेरू, सीताफळ. साखर बंद केली आहे, पण गूळ नैसर्गिक म्हणून खातो. मोबाइलवर आलेल्या एका तक्त्यात कलिंगड सर्वांत वाईट आणि शेंगदाणे सर्वांत चांगले असे लिहिले आहे. आणि हिवाळ्यात हुरडा चालेल का?
— एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : गुळाविषयी स्पष्ट लिहिते, कारण यात दरवर्षी लोकांचे नुकसान होताना पाहते. गूळ हा बहुतांशी साखरच आहे. त्यातील लोह वगैरे क्षार खरे, पण एका खड्यातून मिळणारे प्रमाण इतके अल्प की त्यासाठी रक्तातील साखर वाढवून घेण्यात अर्थ नाही. काकवी, मध, उसाचा रस यांनाही हेच लागू आहे.

तो तक्ता बहुधा ग्लायसेमिक इंडेक्सचा असावा. टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही मोजणी मांडली. एखाद्या पदार्थातून ठरावीक, बहुधा ५० ग्रॅम, कर्बोदके मिळतील एवढा तो खाल्ला, तर साखर किती वेगाने वाढते, हे ती सांगते. कलिंगडाचा आकडा मोठा आहे. पण कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायला अर्धा किलोहून जास्त गर खावा लागेल. जेवणानंतर नव्हे, तर मधल्या वेळी एक लहान फोड खाल्ली तर फारसे बिघडत नाही. वाटीचे माप त्या तक्त्यात नसते, म्हणून तो एकटा उपयोगाचा नाही.

पेरू आपल्यासाठी उत्तम फळ आहे, सालासकट, बियांसकट एक मध्यम पेरू. सीताफळात साखर बरीच असते, तेव्हा लहान फळाचा अर्धा भाग पुरे. कोणत्याही फळाचा रस नको.

हुरडा अवश्य खा, शेतात बसून खा. कोवळ्या ज्वारीचे ते दाणे आहेत, म्हणजे पिष्ट आहेच, पण चोथ्यासकट आहे आणि भाजून, सावकाश चावून खाल्ले जाते. गोवरीच्या आगट्यातून निघालेली कणसे चोळून तळहातावर येणारा हुरडा कधी थांबायचे हे सांगत नाही, त्यामुळे एक वाटी आधी बाजूला काढून घ्यावी आणि तेवढीच खावी. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी आणि दही घ्यावे, रेवड्या, गोडी शेव आणि गूळ इतरांसाठी ठेवावा. त्या दिवशीची एक भाकरी कमी करावी, खाऊन झाल्यावर बांधावरून पंधरा मिनिटे चालावे, आणि दोन तासांनी एकदा साखर मोजून पाहावी, म्हणजे पुढच्या हुरड्याला आपली वाटी किती मोठी असावी हे आपले आपल्यालाच कळेल.